जमनी पुढे काय म्हणाली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, आणि तसाच ठेवून गेला. चर्चच्या पाळकांना नाही. देवाला तरी सांगितलं का? खोटं कशाला बोलू, त्यालाही धड सांगितलं नाही. प्रार्थनेला बसले की मी आपली दुसरंच मागायला लागायचे — गुडघेदुखी थांबू दे, बहिणीच्या पोराला नोकरी लागू दे. म्हणायचे, त्याला तर सगळं ठाऊकच आहे, मग सांगायचं कशाला? आहे की नाही पळवाट? तुम्ही बसा. मला एका दमात सांगता येणार नाही, अडखळत सांगेन.

मी मार्था. माझे वडील उपदेशक, नगरकडून शहाद्याला आलेले. घरात नगरकडची मराठी, गल्लीत अहिराणी. नंतर वडिलांची बदली डोंगराच्या पायथ्याशी झाली, तिथं तीन वर्षं डोंगरात राहणाऱ्या पावऱ्यांच्या पोरींबरोबर खेळले, तर डोंगरातली बोलीही तोंडात बसली. तीन बोल्या येणारी बाई त्या मुलखात दुसरी नव्हती. म्हणून अठराव्या वर्षीच मिशनच्या मिससाहेबांनी मला बरोबर घेतलं. गोरी, उंच बाई, कुठल्या थंड मुलखातून आलेली. त्यांची मराठी पंडिताकडून शिकलेली — इतकी शुद्ध की शहाद्याच्या बाजारातही कुणाला कळायची नाही, मग डोंगरात कुठली कळायला?

थंडीचे चार महिने आमचा दौरा असायचा. बैलगाडीत तंबू, औषधाची पेटी आणि चित्रांची लांब गुंडाळी. पाड्यावर पोचलो की गुंडाळी झाडाला टांगायची. मिससाहेब मराठीत गोष्ट सांगायच्या, ती मी बायांना त्यांच्या बोलीत सांगायची. मग बाया जे बोलतील ते परत मिससाहेबांना मराठीत सांगायचं. ह्याला आम्ही ‘उलट सांगणं’ म्हणत असू. मिससाहेब ते वहीत लिहून घ्यायच्या. म्हणायच्या, मार्था म्हणजे माझे कान. बारा वर्षं मी त्यांचे कान होते, आणि खरं सांगू का — मला त्याचा माज चढला होता.

मग जमनी आली.

पहिली लढाई संपता संपता मानमोडीची साथ आली, त्या तापात तिचा नवरा गेला. सासरी बघणारं कुणी उरलं नाही, तेव्हा ही कडेवर पोर घेऊन औषधाला म्हणून आली आणि मिशनच्या आवारातच राहिली. पावऱ्याची बाई, काळीसावळी, पुढचा एक दात तुटलेला. तिच्याकडे बघून हेवा वाटावा असं काय होतं? काही नव्हतं. तरी वाटला. दीड वर्षात ती अक्षरं लावून वाचायला शिकली. मराठी बोलायला लागली की बाजारातली अहिराणी मध्ये घुसायची, आवारातल्या पोरी हसायच्या, आणि तीही हसायची. मला हसलेलं कुणी चाललं असतं का? मी चार दिवस जेवले नसते.

मिससाहेब तिलाही दौऱ्यावर न्यायला लागल्या. आधी पाणी भरायला, चूल बघायला. पण पाड्यावर पोचलो की बाया माझ्याकडं बघायच्या आणि तिच्याकडं यायच्या. मला ‘बाई’ म्हणायच्या, तिला नावानं हाक मारायच्या. माझ्यासाठी खाट टाकायच्या, आणि तिच्याजवळ जमिनीवर बसून तासन् तास बोलत राहायच्या. खाटेवर एकटं बसून बघितलंय तुम्ही कधी दुसऱ्यांचं हसणं? आमचा गाडीवान दगा, म्हसावदचा, कधी कुणाचं कौतुक न करणारा माणूस, तोही एकदा बैलांना वैरण टाकता टाकता म्हणाला, “तिन्हं बोलनं काळजाले लागस, बाई.” मी म्हटलं, हो का. आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते ओव्याच्या पाण्यानं थांबणारं नव्हतं.

शालीचंही सांगते. हसू नका. एक सबंध पावसाळा मिससाहेब ओसरीत बसून लोकरीची शाल विणत होत्या, करड्या रंगाची, कडेला निळी पट्टी. मी रोज बघायची. एकदा त्यांनी माझ्याच खांद्यावर धरून लांबी मापली. मी मनात म्हटलं, झालं, ह्या नाताळला आपल्याला. नाताळच्या सकाळी ती शाल जमनीच्या अंगावर होती, आणि तिची सहा वर्षांची गुली त्यात निम्मी शिरून बसली होती. मला मिससाहेबांनी प्रार्थनेचं नवं पुस्तक दिलं. चांगलं होतं पुस्तक. त्याला कोपऱ्यात वाळवी लागली तेव्हा मला वाईट वाटलं नाही.

एवढ्यावरही भागलं असतं. बायकांत हेवेदावे असतात, त्यानं कुणाचं घर मोडत नाही. पण त्याच वर्षी ठरलं, की डोंगरात, वर, नवं ठाणं काढायचं. लहानशी शाळा, औषधाची खोली, आणि तिथं कायमची एक बाई ठेवायची. ती बाई मी, हे मी धरूनच चालले होते. दुसरं कोण होतं? मग एके दिवशी मिससाहेब चहा पिता पिता म्हणाल्या, “मार्था, मला वाटते, तिथे जमनी अधिक योग्य होईल काय?” त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, आपली मर्जी. आणि आत माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माघ महिना होता. पहिली जर्मन लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. म्हसावद मागे टाकून डोंगर सुरू होतो तिथल्या एका पाड्यावर आमचा तंबू पडला होता. दुपारची वेळ, ज्वारी काढून झालेली, बाया रिकाम्या. मोहाच्या झाडाला चित्रांची गुंडाळी टांगली. त्या दिवशीची गोष्ट जुन्या करारातली — दावीद राजाची. तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. राजानं आपल्याच शिपायाची बायको घरात घेतली, आणि ते झाकायला त्या शिपायाला लढाईत पुढं उभं करून मारवलं. मग नाथान नावाचा देवमाणूस राजाच्या तोंडावर जाऊन बोलला. राजा म्हणाला, माझ्या हातून पाप झालं. नाथान म्हणाला, देवानं तुला क्षमा केली, तू मरणार नाहीस — पण तुझं लेकरू मरेल. राजा सात दिवस जमिनीवर पडून राहिला, जेवला नाही. लेकरू गेलंच.

ही गोष्ट मी त्या मुलखात किती वेळा सांगितली असेल. आणि दर वेळी बाया एकच विचारायच्या — देवानं माफ केलं ना, मग लेकरू का मेलं? लेकराचा काय गुन्हा? मी वडिलांनी शिकवलेलं उत्तर द्यायची, की देव न्यायी आहे. त्या मान हलवायच्या. मग टोपल्या उचलून घरी जायच्या.

त्या दिवशी मिससाहेब म्हणाल्या, आज जमनीला सांगू दे, तू माझ्याजवळ बस. मी काय समजायचं ते समजले. ही परीक्षा होती, नव्या ठाण्याची.

जमनीनं गोष्ट सांगितली. बायांनी तोच प्रश्न विचारला. मला बरं वाटलं — आता बघू ही काय उत्तर देते. जमनी थोडा वेळ गुलीच्या केसातून हात फिरवत बसली. मग तिच्या बोलीत जे म्हणाली ते मला अजून शब्द न् शब्द पाठ आहे. मराठीत सांगते.

ती म्हणाली, आपल्यात भांडण झालं की पंच बसतात. ज्याचा गुन्हा तो बोकड आणतो, मोहाची दारू आणतो, दोन्हीकडचे एकत्र बसून पितात. मग ते भांडण संपलं, पुन्हा कुणी उकरून काढायचं नाही. पण कुऱ्हाडीनं ज्याचा हात तुटला त्याचा हात काय दारू पिऊन उगवतो? गुन्हा मिटतो, तुटलेलं तुटलेलंच राहतं. राजाचं तसंच झालं. देवानं त्याला वाळीत टाकलं नाही, जवळ बसवलं. पण राजानं जे तोडलं होतं ते लेकराच्या वाट्याला आलं. आपण तोडतो आणि लागतं लेकरांना, हे तुम्ही काय बघितलं नाही? आणि देवानं राजाकडून बोकड घेतला नाही, दारू घेतली नाही. एवढंच घेतलं, की राजा म्हणाला — मी केलं.

मागं बसलेली एक म्हातारी उठली, कमरेत पार वाकलेली. तिनं सगळ्यांच्या देखत सांगितलं, की दुष्काळात सून पोटुशी असताना मी तिला उपाशी ठेवलं आणि मुलाला जेवू घातलं. सुनेचं बाळ गेलं. आजवर मी म्हणत आले की डाकिणीनं नेलं. डाकीण नव्हती, मी केलं. आणि ती रडायला लागली. तिच्या शेजारी जी बसली होती ती तिची सूनच होती. तिनं म्हातारीला धरून खाली बसवलं.

बारा वर्षांत माझ्यापुढं एक बाई अशी उठली नव्हती. मला काय वाटायला हवं होतं? डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, देवाचे आभार मानायला हवे होते. मला वाटलं — ठाणं गेलं.

मिससाहेबांनी माझा हात घट्ट धरला. काय म्हणाली जमनी? सांग, मार्था, काय म्हणाली?

मी म्हटलं, “ती म्हणाली, पंचांना बोकड आणि दारू दिली की गुन्हा मिटतो, तसंच देवाचंही आहे.”

आणि तिथं थांबले. जमनीचेच शब्द घेतले, तेही वेडेवाकडे जोडले, आणि अर्ध्यावर थांबले. त्यांनी विचारलं, मग ती म्हातारी का रडते? आता इथं अर्धंमुर्धं काही नव्हतं, सरळ खोटंच होतं. मी म्हटलं, “तिच्याकडे बोकड नाही, म्हणून.”

मिससाहेबांचा हात माझ्या हातातून सुटला.

दगा गाडीजवळ बसला होता. बाजारच्या निमित्तानं त्यालाही ती बोली थोडीफार कळायची. संध्याकाळी मी पाण्याला निघाले तेव्हा तो हळूच म्हणाला, “तिनी त् पुढे बी सांगं व्हतं ना, बाई?” मी म्हटलं, तू तुझे बैल सांभाळ. तो बैलांकडं वळला. गरीब माणूस, गाडी मिशनची, बोलणार काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मिससाहेबांनी जमनीला तंबूत बोलावलं. मीही होते. त्यांनी विचारलं, तू काल बोकडाचं आणि दारूचं सांगितलंस? जमनीचा चेहरा उजळला. हो, सांगितलं म्हणाली. तिला वाटलं शाबासकी मिळतेय. तो तुटका दात दिसेपर्यंत हसली. मग मिससाहेबांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिला कळलं, काहीतरी बिघडलंय. ती समजावायला लागली. पण एवढं मोठं बोलणं तिला मराठीत कुठलं जमायला? ‘हात’ म्हणाली, ‘कुऱ्हाड’ म्हणाली, स्वतःचा हात कोपरापाशी दाखवला. मिससाहेबांना काही बोध होईना. मग ती माझ्याकडं वळली.

इथं मी दर वेळी थांबते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा इथं थांबते.

ती म्हणाली, “मार्थाबाई, तू सांग ना. तुले त् समदं समजनं. माले इतलं बोलता येत नई.”

तिला माझ्याशिवाय दुसरं तोंड नव्हतं. आणि तिनं ते तोंड माझ्याकडेच मागितलं, अगदी भरवशानं, लेकरू बोट धरतं तसं. अजून वेळ गेली नव्हती. दोन वाक्यं — फक्त दोन. मी म्हणू शकले असते, मिससाहेब, काल माझं ऐकण्यात चुकलं. म्हटलं असतं तर त्या रागावल्याही नसत्या. मी चित्रांच्या गुंडाळीची दोरी बांधत होते. ती बांधतच राहिले आणि म्हटलं, “मी काल सांगितलं तेच.”

मिससाहेब वाईट नव्हत्या. त्या रडल्या. पण चर्चच्या मंडळीतल्या वडील माणसांपुढं गोष्ट गेली, आणि ते म्हणाले, दारूची शिकवण देणारी बाई कामावर नको. काम गेलं. काम गेलं म्हणजे आवारातली खोली गेली, कारण खोल्या काम करणाऱ्यांच्या. आणि खोली गेली म्हणजे गुलीची शाळा गेली. मी काही एवढं सगळं व्हावं म्हणून बोलले नव्हते. पण राजानं तरी लेकरू मरावं म्हणून कुठं केलं होतं?

दगाच त्यांना गाडीनं पायथ्याशी सोडायला निघाला. गुली पाटी छातीशी धरून गाडीत बसली होती. पाटीवर तिनं आपलं नाव लिहिलेलं, ‘गुली’, लीची वेलांटी पार पाटीच्या चौकटीपर्यंत गेलेली. मास्तर आले आणि म्हणाले, पाटी शाळेची आहे. तिनं मुकाट्यानं दिली. मास्तरांनी तिथंच फडक्यानं पुसली.

जमनी माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही बोलणार, चार लोकांत माझी अब्रू काढणार. त्याची मी तयारी ठेवली होती, उत्तरही ठेवलं होतं. ती माझा हात धरून म्हणाली, “तुले बी सांगता नई उनं का, बाई?”

तिला वाटलं, माझीही तिच्यासारखीच अडचण झाली. मराठीचे शब्द सुचले नाहीत मला. ती माझी समजूत घालत होती. आणि मी काय केलं? मान हलवली. हो म्हटलं. सांगता आलं नाही.

शाल तिनं घडी घालून मिससाहेबांच्या ओसरीवर ठेवली होती. पुढच्या थंडीत मिससाहेबांनी ती मला दिली. मी घेतली.

ठाणंही मला मिळालं. वर डोंगरात, नवऱ्याला घेऊन गेले, अकरा वर्षं राहिले. लोक म्हणतात, पाप पचत नाही. मला तर छान पचलं. जुन्या करारातलीच मोशेची बहीण मिर्याम, तिनं भावाचा हेवा केला तर तिचं अंग कोडानं पांढरंफटक पडलं, सगळ्या छावणीनं बघितलं, सात दिवस तिला बाहेर ठेवलं — आणि मग परत आत घेतलं. तिला आत घेईपर्यंत छावणी हललीसुद्धा नाही. ही गोष्ट मी पोरींना नेहमी घाईघाईनं सांगायची. माझ्या अंगावर साधा चट्टा उठला नाही. कुणी मला बाहेर काढलं नाही, तर आत घेणार कोण?

आता ह्याहून वाईट सांगते. तिथं वर पहिल्याच थंडीत मी दावीद राजाची गोष्ट सांगितली. बायांनी विचारलं, लेकराचा काय गुन्हा? आणि माझ्या तोंडून जमनीचं उत्तर बाहेर पडलं. पंच, बोकड, कुऱ्हाड, तुटलेला हात — जसंच्या तसं. बाया ऐकत राहिल्या. त्या वेळी मी मिससाहेबांना उलट सांगणं मात्र पुरं केलं. त्या आनंदून गेल्या. हे तुला कसं सुचलं, मार्था? मी म्हटलं, प्रार्थना करताना. त्यांनी वहीत लिहून घेतलं, दुसऱ्या ठिकाणच्या मिसबायांना पत्रानं कळवलं. म्हणाल्या, बिचाऱ्या जमनीला ह्यातले अर्धेच उमगले होते, तू ते पूर्ण केलेस. आणि मी ते ऐकून घेतलं. सांगा, तुमच्या ओळखीत आहे का असा चोर, जो चोरलेल्या भांड्यावर आपलं नाव घालून ते मूळ मालकाच्या गल्लीतच मिरवतो? अकरा वर्षं मी त्याच उत्तरावर नाव काढलं. फक्त शेवटचं वाक्य मी कधी घेतलं नाही, राजाचं ‘मी केलं’. ते जिभेवर यायचं नाही. तेवढं सोडून द्यायची.

जमनीची बातमी बाजारात कळायची. ती माहेरच्या पाड्यावर परत गेली तेव्हा लोकांनी आधी मनात धरलं, की तू मिशनात गेलीस, आमच्यातून उठलीस. पंच बसले. भावानं बोकड दिला, दारू दिली. प्याले, उठले, संपलं. त्यानंतर कुणी तिला त्यावरून एक शब्द बोललं नाही म्हणे. दगानं मला हे सांगितलं तेव्हा — काय वाटलं असेल मला? हेवाच वाटला. तिचं एका दुपारी मिटलं. आमच्याकडं क्षमेची एवढी गाणी, एवढी पुस्तकं, आणि मी रोज त्यांच्यात बसून कोरडी.

ती एकदाच मला परत भेटली. जुन्या मिससाहेब तोवर आजारी होऊन मायदेशी गेल्या होत्या. नव्या मिससाहेब तरुण, नुकत्याच आलेल्या, मराठीसुद्धा जपून बोलणाऱ्या. माझ्या ठाण्यावर झाडाखाली बाया जमल्या होत्या. थंडी कडक होती, मी शाल पांघरली होती. तीच.

मी गोष्ट सांगितली, उत्तर सांगितलं, तुटलेल्या हातापर्यंत आले. देवानं बोकड घेतला नाही, दारू घेतली नाही, म्हणाले आणि थांबले, नेहमीसारखी. एका पोरसवदा बाईनं विचारलं, मग घेतलं काय? मी म्हटलं, काही नाही.

मागून आवाज आला, त्यांच्या बोलीत. “एवढंच घेतलं, की राजा म्हणाला — मी केलं.”

जमनी होती. केस पिकले होते. शेजारी गुली, आता बाई झालेली, पाठीच्या झोळीत तान्हं मूल. जमनीनं माझ्याकडं बघितलं, शालीकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पण तिला आता सगळं कळलेलं होतं, हे मला कळलं. गेल्या अकरा वर्षांत कधीतरी कळलं असणार. तिचं उत्तर माझ्या नावानं डोंगरभर फिरत होतं, ते तिच्या कानावर गेल्याशिवाय कसं राहील?

नव्या मिससाहेब माझ्याकडं वाकल्या. ती बाई काय म्हणाली?

ह्या वेळी ठाण्याचा प्रश्न नव्हता. मला कुणी काढणार नव्हतं. मी चाळिशी ओलांडली होती, ह्या बाईनं मला काय केलं असतं? आणि पुन्हा तोच प्रश्न, तसंच झाड, तशीच दुपार. असं दुसऱ्यांदा कुणाला मिळतं का?

मी म्हटलं, “ती विचारते, तापाच्या गोळ्या कधी वाटणार.”

तोवर जमनीला मराठी चांगली कळत असावी, निदान एवढी तरी. ती उठली, सगळ्या बायांतून वाट काढत पुढं आली, आणि नव्या मिससाहेबांपुढं हात पसरून उभी राहिली. गोळ्यांसाठी. माझं खोटं तिनं खरं करून दिलं.

मिससाहेबांनी गोळ्या दिल्या, बाळाच्या नावावर, आणि औषधांची वही पुढं केली. गुलीला सही करायला सांगितली. गुलीनं वहीकडं बघितलं, मग आईकडं. मग अंगठा शाईत बुडवला आणि उमटवला. मी शेजारीच बसले होते. तो अंगठा सुकेपर्यंत मी त्याच्याकडं बघत होते.

तेव्हाही, खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? की ही बाई माझ्याहून किती मोठी आहे, आणि मला ते सहन होत नाही.

आता दुसरी लढाईही संपली. जमनी तीन वर्षांपूर्वी गेली, दगानंच सांगितलं. तोही आता थकलाय, बैल विकून टाकले. मी शहाद्याला बहिणीच्या घरी राहते. शाल पेटीत आहे. रविवारी अजून कुणीतरी म्हणतं, मार्थाबाई, ती पंचांची गोष्ट सांगा ना, ती तुमच्यासारखी कुणी सांगत नाही.

मिससाहेबांनी मला झाडाखाली विचारलं होतं, जमनी काय म्हणाली. त्याचं उत्तर देणं राहिलं आहे. जमनीनं देवाला बोकड द्या असं म्हटलं नव्हतं. म्हातारी बोकडासाठी रडत नव्हती. ती पंचांची गोष्ट माझी नाही. आणि गुलीची पाटी मास्तरांनी पुसली नाही.

मी केलं.